तिसऱ्या बेसमागची खुर्ची

डिंकताईचं खरं नाव तिच्या आईशिवाय कुणी घेत नसे, आणि आई गेल्यावर तेही थांबलं. डिंक हे नाव प्रशिक्षक सरांनी ठेवलेलं. कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघात ती पहिल्यांदा कॅचर म्हणून बसली, त्या दिवशी पिचरनं टाकलेला एकही बॉल तिच्या ग्लोव्हमधून निसटला नाही. आडवा आला, उसळून आला, जमिनीत घुसून आला, सगळे तिथेच चिकटले. सर कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "या पोरीच्या तळव्याला डिंक लावलाय की काय!" झालं. पुढची चोवीस-पंचवीस वर्षं ती आधी डिंक, मग डिंकी आणि शेवटी डिंकताई राहिली.

सरांना ती सापडली तीही गंमतच. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान खाली, घर वर तिसऱ्या मजल्यावर. सर आपलं बंद पडलेलं घड्याळ घेऊन दुकानात उभे होते. बाहेर रस्त्यावर कॉलेजातून आलेली ही मुलगी. जिने चढायचा कंटाळा म्हणून तिनं खालूनच किल्ल्यांचा जुडगा वर भिरकावला. बाल्कनीत उभ्या असलेल्या आईनं नुसता हात पुढे केला. जुडगा बरोबर हातात जाऊन पडला. सर घड्याळ विसरले.

"ही मुलगी मला द्या," ते म्हणाले.

वडिलांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "कशासाठी?"

"किल्ल्या फेकायला."

कॉलेज संपलं तरी ती मैदानातून बाहेर पडलीच नाही. आधी सामानाच्या खोलीची व्यवस्था बघायला लागली. ग्लोव्हना तेल लावायचं, हेल्मेटचे पट्टे शिवायचे, बेसच्या चौकोनी गाद्या घासून काढायच्या. मग सरांची मदतनीस झाली. लग्न राहून गेलं. भावाच्या घरी पुढच्या खोलीत तिची घडीची खाट होती. खेळताना मोडून वाकडी जुळलेली तिची बोटं बघून वहिनी म्हणायची, "वन्सं, तुमच्या बोटात अंगठी घालायची तर आधी सोनाराला नकाशा काढून द्यावा लागेल." डिंकताई हसायची. वहिनी तोंडाची फटकळ होती, पण रोज सराव संपवून ही घरी आली की शेकायला गरम पाण्याची पिशवी तयार असायची.

सरांना झटका आला तो सरावाच्या वेळीच. ते बॉल मारून मुलींना झेल देत होते. बॅट हातातून गळाली. मुलींना वाटलं, सर नाटक करतायत. ते असली नाटकं करायचे. एक जण तर हसत ओरडली, "सर आउट!" डिंकताई होमच्या बेसवर, कॅचरच्या जागी बसली होती. तिनं त्यांच्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं आणि मास्क फेकून धावली. सर जमिनीवर पडण्याआधी तिनं त्यांना झेललं.

उजवी बाजू गेली. वाचा गेली. डोकं शाबूत होतं, निदान सगळे तसं म्हणत. पण आतला निरोप जिभेपर्यंत पोहोचायच्या आधी वाटेतच कुठेतरी तार तुटायची. राहिला होता डावा हात. आणि सर मुळातच डावखुरे.

नवा हंगाम उघडला तेव्हा प्राचार्य मॅडमनी डिंकताईला बोलावून सांगितलं, "मुख्य प्रशिक्षक आता तुम्ही. सध्या या हंगामापुरतं. पुढचं पुढे बघू." ती "बरं" म्हणाली आणि बाहेर येऊन सामानाच्या खोलीत कितीतरी वेळ ग्लोव्हना तेल लावत बसली. तेल कालच लावून झालं होतं.

पहिल्या सामन्याच्या सकाळी मैदानाच्या फाटकातून चाकांची खुर्ची आत आली. मागून काकू, म्हणजे सरांच्या बायको, ती ढकलत होत्या. सरांच्या डोक्यावर नेहमीचीच निळी टोपी.

"घरात बसवेना," काकू धापा टाकत म्हणाल्या. "टोपी ज्या कपाटात, त्याचं दार सकाळपासून बडवतायत. शेजारी विचारून गेले, सुतार लावलाय का म्हणून."

खुर्ची कुठे ठेवायची यावर चर्चा झालीच नाही. सरांनी हातानं दाखवलं. तिसऱ्या बेसच्या मागे, जाळीच्या पलीकडे, शेडच्या सावलीत.

आता ही जागा कसली, ते सांगायला हवं. सॉफ्टबॉलमध्ये आपला संघ बॅटिंग करत असतो तेव्हा प्रशिक्षक तिसऱ्या बेसजवळ उभा राहतो आणि धावणारीला, मारणारीला खुणा करतो. ओरडून सांगितलं तर समोरच्यांना कळेल, म्हणून खुणा. सरांच्या खुणा ठरलेल्या होत्या. कोपराला हात लावला की बॅट जोरात फिरवायची नाही, बॉल हळूच पुढ्यात टाकायचा. छातीवर हात, म्हणजे जागची हलू नकोस. हनुवटीवरून हात फिरवून कानाला लावला, म्हणजे पळ, बॅटला बॉल लागायची वाट न बघता पुढचा बेस चोर. आणि हात मांडीवरून झटकला, म्हणजे आधीचं सगळं पुसलं, विसरून जा. मुलगी संघात आली की तिला बॅट धरायला शिकवण्याआधी सर एक गोष्ट शिकवायचे: "प्रत्येक बॉलच्या आधी माझ्याकडे बघायचं. मागे आग लागली असली तरी आधी माझ्याकडे."

तिसऱ्या बेसजवळ आता डिंकताई उभी राहिली. पण तिच्या खांद्यावरून जरा पलीकडे पाहिलं, की तीच टोपी आणि तोच हात. पहिल्याच डावात तो हात उठला. खूण केली. डिंकताईनं त्याच क्षणी तीच खूण केली होती. चोवीस वर्षं एकाच ताटात जेवल्यासारखं दोघांनी एकच खेळ पाहिलेला. वेगळं सुचणार तरी कसं? मुली ताईकडे बघत, मग नकळत सरांकडे. दोन्हीकडे तेच दिसलं की मनाला बरं वाटे. "ताईंची पावती, सरांचा शिक्का," असं पिचर म्हणायची. ती संघाची कप्तानही होती आणि उंचीमुळे सगळ्या तिला शिडी म्हणत.

संघ जिंकायला लागला.

एका सामन्यानंतर काकूंनी डिंकताईला बाजूला घेतलं. "तुला म्हणून सांगते. फिजिओथेरपीवाल्या बाई रोज येतात. म्हणतात, बॉल दाबा. हे दाबत नाहीत. म्हणतात, हात वर करा. हे भिंतीकडे तोंड करतात. आणि इथे बघ, दोन तास हात खाली नाही. बाई म्हणाल्या, चालू राहिला तर राहिला. एकदा का बसला, की उरलेलाही आखडेल. तुझे सामने म्हणजे यांचं औषध आहे बघ."

"माझे कुठले, काकू. त्यांचेच आहेत."

"तेच. तसंच राहू दे."

ती गोष्ट डिंकताईनं गाठीला बांधली.

घोळ झाला तो हंगाम अर्ध्यावर आल्यावर. शेवटचा डाव, दोघी आउट, तिसरी गेली की संपलं, आणि आपला संघ एका रननं मागे. दुसऱ्या बेसवर भिंगरी. नावाप्रमाणेच होती, तिला पळ म्हणायचा अवकाश, की ती पोचलेली असायची. बॅटिंगला शिडी. शिडीनं एक नीट मारला असता तरी भिंगरी आरामात घरी, म्हणजे होमच्या बेसवर, आली असती आणि रन झाला असता. अशा वेळी बेस चोरायला जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. डिंकताईनं छातीवर हात ठेवला: जागची हलू नकोस.

जाळीपलीकडे सरांच्या तोंडातून लाळ ओघळली. त्यांनी हनुवटी पुसली. मग चष्मा घसरला म्हणून कानामागची काडी नीट केली.

भिंगरीनं आधी ताईकडे पाहिलं. मग सरांकडे. दोन खुणा वेगळ्या असायची तिच्यावर ही पहिलीच वेळ. पिचरच्या हातून बॉल सुटला आणि ती सुटली. ती तिसऱ्या बेसपासून हातभर अंतरावर असताना बॉल तिच्याआधी तिथे पोहोचला. आउट. सामना संपला.

कुणाला काही कळेना. भिंगरी धुळीत तशीच बसून राहिली. "सरांनी सांगितलं," ती पुटपुटली. "ताई, शप्पथ. हनुवटी, मग कान."

डिंकताईनं मागे वळून पाहिलं. सर रागानं लाल झाले होते. डावा हात हवेत नाचत होता: पळवलीस कशाला? शिडी बॅटवर असताना? अक्कल गहाण ठेवलीस? शब्द नव्हते, पण त्या हाताची भाषा तिला आईच्या भाषेइतकी येत होती. त्यांना वाटत होतं, खूण हिनंच केली.

सगळ्या मुली बघत होत्या. ती जाळीजवळ गेली.

"माझं चुकलं, सर," ती म्हणाली.

हात शांत झाला. सरांनी मांडीवरून हात झटकला. पुसलं. जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य मॅडमनी बोलावलं. बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. त्या वाईट बाई नव्हत्या; सरांना त्याही मानत. पण त्यांनी सरळच विचारलं, "मुख्य प्रशिक्षक कोण आहे? तुम्ही, की ती खुर्ची?"

"मी आहे, मॅडम."

"मग त्यांना समजावून सांगा. घरी बसू देत."

ती सांगायला गेलीही. सरांच्या घराच्या जिन्यावर वाक्य तयार केलं, दारात ते पुन्हा घासूनपुसून घेतलं. आत सर खिडकीशी बसले होते. तिला बघताच त्यांचा हात उठला. समोरच्या टेबलावर त्यांनी औषधांच्या बाटल्या मैदानासारख्या मांडल्या होत्या: चार बेस, मध्ये पिचर. एक बाटली दुसऱ्या बेसवर. ती त्यांनी बोटानं घट्ट दाबून धरली आणि तिच्याकडे पाहिलं: इथे थांबवायची होती. समजलं?

"समजलं, सर," ती म्हणाली. चहा प्यायली आणि परत आली. वाक्य तसंच्या तसं घरी आणलं.

मग तिला एक युक्ती सुचली. तेव्हा ती तिला फार चांगली वाटली. तिनं मुलींना सामानाच्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं.

"आजपासून खुणा बदलल्या," ती म्हणाली. "पट्ट्याला हात म्हणजे पळ. गुडघा म्हणजे थांब. मनगट म्हणजे हळूच टाक. जुन्या खुणांना आता काही अर्थ नाही."

"सरांना शिकवणार?" भिंगरीनं विचारलं.

"नाही."

"म्हणजे ते तिकडे जुनंच करत राहणार?"

"करू देत. तुम्ही त्यांच्याकडे बघायचं. रोजच्यासारखं. टोपीला हात लावायचा, समजलं म्हणून. आणि करायचं मी सांगेन ते."

खोलीत तेलाचा आणि जुन्या चामड्याचा वास दाटला होता. शेवटी शिडी म्हणाली, "ताई, ही फसवणूक नाही का?"

"त्यांचा हात चालू राहायला हवा," डिंकताई म्हणाली. "बाकी मला माहीत नाही."

"पण सर आहेत ते. कळेल त्यांना."

"नाही कळणार. तुम्ही नीट केलंत तर नाही कळणार."

सरांबद्दल असं वाक्य आपल्या तोंडून निघालं, याचं तिला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

त्यानंतरचा सामना बलाढ्य संघाशी होता. पहिले डाव छान गेले. सरांचा हात उठला की मुली टोपीला हात लावत आणि ताईच्या खुणेनं खेळत. बहुतेक वेळा दोन्हीकडे अर्थ एकच असे, त्यामुळे निभावून जात होतं. डिंकताईला वाटलं, साधलं. साप मेला आणि काठीही शाबूत राहिली.

मग एकदा भिंगरी पहिल्या बेसवर होती. समोरची पिचर दमली होती; बेस चोरायला हीच वेळ, असं डिंकताईला वाटलं. तिनं पट्ट्याला हात लावला. पण चोरणारीवर बॉल फेकणारी समोरची कॅचर त्या दिवशी नवी, ताज्या दमाची होती, आणि ते सरांनी बाहेरून हेरलं असावं. त्यांनी छातीवर हात ठेवला: हलू नकोस. भिंगरीनं त्यांच्याकडे बघून टोपीला हात लावला आणि पळाली. थोडक्यात वाचली. सेफ. मुली नाचल्या.

सर नाचणाऱ्या मुलींकडे बघत नव्हते. ते भिंगरीकडे बघत होते.

पुढच्या बॉलला त्यांनी बॅट धरलेल्या शिडीला खूण केली: कोपर. हळूच टाक. शिडीनं टोपीला हात लावला आणि जीव खाऊन बॅट फिरवली. बॉल दूर गेला. भिंगरी घरी आली, शिडी दुसऱ्या बेसवर. टाळ्या पडल्या. डिंकताई मात्र थिजली. शिडीला हळूच टाक? संघातल्या सगळ्यांत जोरात मारणाऱ्या मुलीला? सर असं कधीच सांगणार नाहीत. तिनं मागे पाहिलं.

सरांनी आता दुसरीच खूण केली. कोपर, छाती, हनुवटी, कोपर, कान, एकापाठोपाठ एक, कसल्याही क्रमाविना. पोरखेळ. त्याला काही अर्थच नव्हता. ते शिडीकडे बघत होते.

'नको,' डिंकताई मनात म्हणाली. 'हात लावू नकोस.'

शिडी गुणी मुलगी. सांगितलेलं चोख करणारी. तिनं टोपीला हात लावला.

सर तिच्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग त्यांची मान वळली आणि नजर डिंकताईवर आली. तीत राग असता तर ती म्हणाली असती, माझं चुकलं, सर. पण राग नव्हता. अनोळखी घरात चुकून शिरलेला माणूस जसा बघतो, तसे ते बघत होते. त्यांनी हात मांडीवरून झटकला, एकदाच, आणि मांडीवरच ठेवून दिला.

सामना जिंकला. मुली तिला उचलायला धावत आल्या. त्यांच्या गराड्यातून तिनं मान उंच करून पाहिलं, तर काकू खुर्ची फाटकाबाहेर ढकलत होत्या.

पुढच्या सामन्याला खुर्ची आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. डिंकताई घरी जाऊन आली. काकूंनी दार अर्धंच उघडलं. "झोपलेत," त्या म्हणाल्या. दुसऱ्या खेपेलाही झोपलेले होते.

मैदानात मुली अजूनही ताईकडे बघितल्यावर पलीकडे बघत. शेडखाली नुसती सावली असे. खुणा चुकायचा प्रश्न उरला नव्हता. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिथे हरला. समोरच्या मुली सरस होत्या, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. प्राचार्य मॅडम खूश झाल्या. कॉलेज इतक्या पुढे कधी गेलंच नव्हतं. "पुढच्या हंगामालाही तुम्हीच," त्यांनी सांगितलं. वहिनीनं घरात सगळ्यांना बजावलं, "आता वन्सं मोठ्या साहेब झाल्यात, खाट कुरकुरली तरी कुणी हसायचं नाही." डिंकताई हसली, आणि मग पिशवीनं बोटं शेकता शेकता रडायला लागली. वहिनी गांगरली. "अगंबाई, मी काही बोलले का?" म्हणत पाठीवरून हात फिरवत बसली.

अंतिम सामन्यातला बॉल मुलींनी सह्या करून सरांसाठी दिला होता. तो घेऊन ती गेली. या वेळी काकूंनी दार पूर्ण उघडलं.

सर खिडकीशी होते. टेबलावर औषधाच्या बाटल्या सरळ रांगेत उभ्या होत्या. डावा हात मांडीवर होता, बोटं आत वळलेली. तिनं त्या तळव्यात बॉल ठेवला. बोटं मिटली नाहीत. बॉल घरंगळला, आणि तिनं तो खाली पडण्याआधी झेलला.

"घास मीच भरवते आता," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "आल्या होत्या त्या बाई. म्हणाल्या, आखडत चाललाय. मी म्हटलं, अहो, हा माणूस हलवतच नाही तर काय करू?"

"काकू, मला वाटलं, त्यांना कळणार नाही. हात तेवढा चालू राहील..."

"तोंडावर सांगायचं होतंस गं. 'सर, येऊ नका, घोळ होतो.' आठवडाभर फुगून बसले असते. कपाट बडवलं असतं, माझं डोकं उठवलं असतं. मग एक दिवस तुलाच बोलावून बाटल्या मांडून भांडले असते. भांडण म्हटलं की हात चालतोच की यांचा." काकूंनी पदरानं सरांची हनुवटी पुसली. "तुम्ही सगळ्या मिळून त्यांना हो हो म्हणालात. आम्ही शेजारच्या तान्ह्याला म्हणतो ना, तसं."

काकू चहा ठेवायला आत गेल्या.

ती उठली. औषधाच्या बाटल्या तिनं रांगेतून काढून टेबलावर मांडल्या: चार बेस, मध्ये पिचर. मग एक मोकळी बाटली दुसऱ्या बेसवर ठेवली आणि मुद्दाम, अगदी वेड्यासारखी, तिसऱ्याकडे सरकवली. दोघी आउट असताना. शिडी बॅटवर असताना.

सरांनी बाटलीकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर.

तिनं बाटली परत आणली, पुन्हा तशीच चुकीची सरकवली. हात मांडीवरच राहिला.

चहा आला, गार झाला. ती स्टूल ओढून सरांच्या समोर बसली. बेसवर उभी असलेली मुलगी बसेल तशी, गुडघे किंचित पुढे, मान त्यांच्याकडे. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली आणि तशीच बसली, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. काकूंनी विचारणं सोडून दिलं. चहाचा एक जादा कप तेवढा त्या ठेवू लागल्या.

नव्या हंगामाचा सराव सुरू झाला. नव्या मुली आल्या. त्यांना ती पहिल्याच दिवशी सांगते, प्रत्येक बॉलच्या आधी माझ्याकडे बघायचं, मागे आग लागली असली तरी. आणि सराव संपला की ग्लोव्ह खोलीत टांगून सरांच्या घरी जाते, बाटल्या मांडते, एक चुकीची सरकवते, आणि त्या आखडलेल्या हाताकडे बघत बसते.

"बघतेय, सर," ती म्हणते.

हात काही सांगत नाही. ती जागची हलत नाही.